बाटली सावकाश सोडायची असते

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं घोटाळा नको. मी आजपर्यंत एकही मेलेली गाय उठवलेली नाही.

हे सांगावं लागतं, कारण बारामती-इंदापूर पट्ट्यात अजूनही बाजारात, एसटी स्टँडवर कुणीतरी भेटतं आणि सोबतच्या माणसाला सांगतं, "ह्या त्याच सिस्टर. पणदऱ्यात मेलेली गाय उठवली व्हती ह्यांनी." मी "अहो, नाही" म्हणेपर्यंत सोबतचा माणूस हात जोडून मोकळा झालेला असतो. आता निवृत्त झाल्यावर तरी हे थांबेल असं वाटलं होतं. पण नोकरी सुटली तरी कीर्ती काही सुटत नाही.

मुळात मी सिस्टरही नाही. सरकारी भाषेत माझं पद पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली राहायचं, लशी टोचायच्या, गाई भरवायच्या म्हणजे कृत्रिम रेतन करायचं, व्याल्यावर वार अडकली तर ती काढायची, आणि साहेब दुसऱ्या गावी गेलेले असले की त्यांना फोनवर विचारून समोर येईल ते निभावायचं. पण माझं नाव मार्था. ख्रिश्चन बाई म्हटली की ती नर्सच असणार, हे आमच्याकडच्या लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की पहिल्या आठवड्यातच माझी सिस्टर झाली. एका आजोबांनी तर मला त्यांची शुगर तपासायला सांगितली होती. मी म्हटलं, "आजोबा, आधी माझ्याकडची सुई बघा." सुई बघून आजोबा जे गेले ते परत काही आले नाहीत.

बाई हे काम करते हेही सुरुवातीला लोकांच्या पचनी पडायचं नाही. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून मी गाईच्या मागं उभी राहिले, की घरातले बापई माना फिरवायचे आणि बायका मात्र पदर खोचून जवळ येऊन बघायच्या. एकानं गोठ्याला जुन्या लुगड्याचा आडोसा केला होता. लाज कुणाला वाटत होती, मला की गाईला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. गाय भरवायला गेलं की हटकून एक फर्माईश असायची: "सिस्टर, तुमच्या देवाला सांगा, कालवडच पायजे. गोऱ्हा झाला तर सांभाळायचा कुनी?" मी म्हणायचे, देव त्यात लक्ष घालत नाही. "मंग कशात घालतो?" असं एकानं तोंडावर विचारलं होतं. मी त्याला गाय नीट धरायला सांगितली.

तर ती पणदऱ्याची गाय. तिथल्या एका तात्यांची गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आडवी झाली. मला निरोप आला तो "लवकर या" असा नव्हताच. "येऊन बघून तरी जा" असा होता. मी पोचले तेव्हा गाय मान पोटाकडं वळवून पडली होती, कान गार, डोळ्यांवर झापड. तात्यांची सून गाईच्या तोंडापाशी बसून रडत होती, कारण गाय तिच्या माहेरहून आलेली होती. पुरायचं कुठं, याची कुजबूज बाहेर सुरू झाली होती.

हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही, उलट गार पडतं. भरपूर दूध देणारी गाय व्याली, की तिच्या रक्तातलं कॅल्शियम सगळं दुधाकडं धावतं आणि तिच्या स्वतःच्या अंगात उभं राहण्याइतकीही ताकद उरत नाही. औषध साधं आहे, कॅल्शियमची बाटली, शिरेतून. अट एकच, ती सावकाश सोडायची. घाई केली तर काळीज जागेवर बंद पडतं, आणि मग खरोखरच मेलेली गाय समोर असते. बाटली कोमट करून एका हातानं धरायची, दुसरा हात गाईच्या कोपरामागं छातीवर ठेवून ठोके बघत राहायचं. ठोका अडखळला की बाटली खाली घ्यायची.

आता माझा स्वभाव तडकाफडकी. भाजी चिरतानासुद्धा मला दम धरवत नाही. नवीन होते तेव्हा भोवती माणसं रडायला लागली की माझा बाटलीचा हात आपोआप वर जायचा. घड्याळ बघून पाहिलं, जमेना. मग मला आईचं आठवलं. आई एका मिशन दवाखान्यात आया होती. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांना ती चमच्यानं पेज भरवायची आणि दोन चमच्यांच्या मध्ये ओठातल्या ओठात प्रार्थना म्हणायची. मी एकदा विचारलं होतं, एवढी प्रार्थना कशाला गं? ती म्हणाली, "नाहीतर मी पुढचा चमचा लवकर नेते." मी तेच उचललं. बाटली धरली की लहानपणी शिकलेली प्रार्थना हळू म्हणायला लागायचं, संपली की परत पहिल्यापासून. त्यात गाईचं नावही नसायचं. ती माझ्या हातासाठी होती.

त्या दिवशीही तसंच चाललं होतं. बाटली निम्मी झाली तसा गाईनं ढेकर दिला, कातडी थरथरली, कोरडं नाक ओलं झालं. बाटली संपल्यावर मी नळी काढून मागं सरले. थोड्या वेळानं गाईनं मागचं अंग उचललं, गुडघ्यांवर जरा थांबली आणि उभी राहून शेण टाकलं. सूनबाई माझ्या पायाशी वाकली. मी तिला उठवून कॅल्शियम, रक्त, दूध असं सगळं समजावून सांगितलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाटलीचं आमाला नका सांगू, सिस्टर. मागल्या साली शेजारच्या गाईला बी बाटलीच लावली व्हती. ती न्हाय उठली. तुमी काय पुटपुटत व्हता ते सांगा."

मी खरं ते सांगितलं, "प्रार्थना." त्या एका शब्दानं माझं कल्याण केलं.

त्यानंतर मी जाईन तिथं गोठा आधीच झाडलेला असायचा, उदबत्ती लावलेली असायची आणि मी बाटली काढली की पोराटोरांना गप्प बसवलं जायचं. एका घरात मी कॅल्शियमची रिकामी बाटली देवघरात पाहिली, हळदकुंकू वाहिलेली. मी चिडून म्हटलं, अहो मेडिकलमध्ये मिळते ती. घरची म्हातारी म्हणाली, "मिळती की. पर तितं म्हननारं कोन हाय?" यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा. देवाच्या नावावर औषधाचं काम खपवणं मला पटत नव्हतं. आणि प्रार्थना म्हणजे काहीच नाही असं म्हणायला जीभ रेटत नव्हती.

आम्ही भवानीनगरला राहायचो. आमचे हे चित्रकलेचे शिक्षक, म्हणून मीही त्यांना सरच म्हणते. आमच्या लोकांची घरं या भागात मोजकी, विखुरलेली. रविवारी बारामतीच्या चर्चमध्ये भेट होते तेवढीच, बाकी आठवडाभर ज्याचा त्याचा दिवा ज्यानं त्यानं जपायचा. आमच्या घरी सकाळी चहाच्या आधी शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक भाग वाचायची रीत. सर वाचणार, मी ऐकणार, मग थोडी प्रार्थना. काहींना वाटतं त्यातून त्या दिवसाचं भविष्य निघतं. तसं काही निघत नाही, उलट बऱ्याचदा डोक्याला ताप होतो. शेजारणीशी वाजलेलं असतं आणि नेमकं क्षमेचं वाचन येतं. मी म्हणायचे, "आज दुसरं वाचा." सर म्हणायचे, "शेजारीण बदलली की वाचू."

एक दिवस सणसरहून एक बाई दवाखान्यात आली. शालन तिचं नाव. उन्हातून आलेली, हातात नारळ. मला वाटलं गाय अडली असेल. ती म्हणाली, "सिस्टर, आमच्या मालकांस्नी लकवा झालाय. दिवाळीपासनं पडून हायती. बारामतीला दवाखाना झाला, तितल्या डॉक्टरांनी लई केलं, आता घरीच सेवा करा म्हनले. पर मालकांनी खानं सोडलंय. भिताडाकडं तोंड करून पडत्यात. तुमी गाय उठवता, आमच्या मानसाला उठवा."

बाहेर लशींची रांग लागलेली, मी आधीच वैतागलेली. म्हटलं, "बाई, मी जनावरांची आहे. माणसांचं मला काही कळत नाही."

तिनं नारळ टेबलावर ठेवला. आवाज न चढवता म्हणाली, "मंग जनावर समजा त्यांस्नी. पर या."

मी घरी आले ती धुसफुसतच. सकाळी वाचनाला बसलो. मनात म्हटलं, आता तरी काहीतरी वाट दिसू दे. तर त्या दिवशी नेमकी वंशावळ आली. याचा मुलगा तो, त्याचा मुलगा हा, पानभर नुसती नावं. मला हसू आलं आणि रागही. सरांना सगळं सांगितलं. म्हटलं, मी गेले तर तिला खोटी आशा लागेल, आणि गावात कुणी म्हणेल सरकारी बाई बाटवायला आली. सर म्हणाले, "तुझ्याकडनं उठवणं होत नाही, हे तिला सांगायलाच पाहिजे. पण ते तिच्या घरी जाऊन सांग. टेबलाच्या पलीकडनं नको." मला मार्ग पाहिजे होता तो असा चहाच्या कपाबरोबर मिळाला. बहुतेक वेळा तसाच मिळतो, असा माझा अनुभव आहे.

सणसरला गेले तर अंगण माणसांनी भरलेलं. धुतलेले कपडे घालून माणसं बसली होती, शालनचे मालक बापूराव उठताना बघायला. मी गाडी लावली आणि दारातच उभी राहून सांगितलं, की गाईच्या रोगाला बाटली असते, या रोगाला माझ्याकडं बाटली नाही, आणि मी कुणाला उठवायला आलेले नाही. एकेक करून माणसं उठून गेली. शालनचे थोरले दीर, त्यांना सगळे आबा म्हणायचे, ते तेवढे थांबले. "मंग कशाला आलाय? धर्म बदलायला?"

"नाही आबा," मी म्हटलं, "कूस बदलायला."

कारण दारातच मला वास आला होता. पडून राहिलेलं जनावर मी आयुष्यभर पाहिलंय. फार दिवस एकाच अंगावर पडलं, की खालचं अंग मरायला लागतं. म्हणून गाय उठेना झाली तर खाली मऊ भुसा घालतो आणि तिची बाजू बदलत राहतो, दिवसातून कितीतरी वेळा. बापूराव मोठ्या हाडाचा माणूस, एके काळी उसाची मोळी एका झटक्यात डोक्यावर घेणारा. आता उजवं अंग निकामी, जीभ जड, आणि पाठीला खालच्या बाजूला जखम झालेली. "कूस बदलायचं डॉक्टरांनी सांगितलं व्हतं," शालन हळू म्हणाली, "पर ह्ये हातच लावू देत न्हाईत. आन मला एकटीला हालत बी न्हाईत."

मी खाटेपाशी बसले. बापूराव भिंतीकडं बघूनच म्हणाले, शब्द एकमेकांना चिकटत होते, "गाय उठती. मी न्हाय उठायचो."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी उठवायला आलेच नाही. कुशीवर घेते फक्त. लाथ मारायची तर मारा, मला सवय आहे."

तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं.

जड अंग ओढायचं नसतं, कलंडवायचं असतं. गुडघा वाकवायचा, अंगाखालची चादर दोन्ही हातांत धरायची आणि आपल्याकडं झुकायचं, की वजन आपोआप येतं. शालनला तिथंच दोनदा करायला लावलं. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना फोन करून जखमेचं सांगितलं, त्या दुसऱ्या दिवसापासून पट्टी करायला यायला लागल्या. मग शालननं रव्याची पेज आणली. घास घशात अडकतो म्हणून ती घाबरत भरवायची, आणि घाबरली की घाई करायची. मी चमचा हातात घेतला. तोंडातलं गिळून होईपर्यंत थांबायचं होतं, आणि थांबायची माझी एकच रीत. दुसऱ्या चमच्याच्या आधी बापूराव म्हणाले, "काय पुटपुटताय?"

"माझ्या हाताला सांगतेय, सावकाश."

आता तुम्ही विचाराल, बापूराव पुढं उठून चालले का. नाही चालले. हेही आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्यानंतर दर शुक्रवारी लशींच्या फेरीवर जाता-येता मी त्यांच्याकडं थांबायला लागले. जखम भरत आली, पण बापूरावांचं मन भरेना. शालन म्हणायची, तुमी आलात की चार घास खात्यात, तुमी गेलात की परत भिताडाकडं. एकदा मला म्हणाले, "सिस्टर, माज्यासाठी मागत असाल तर एक मागा. लवकर सुटका." शालन चुलीपाशी होती, तिनं ऐकलं. तिचा हात थांबला आणि परत चालू झाला. मी म्हटलं, "ते मी मागणार नाही. दुसरं सांगा." त्यांनी मान परत भिंतीकडं वळवली. येताना मला गाडीवर रडू आलं. जनावराच्या डोळ्यांत मी वेदना पाहिली होती, पण जगण्याचा कंटाळा कधी पाहिला नव्हता. त्यावर काय द्यायचं हे मला कुणीही शिकवलेलं नव्हतं.

उन्हाळा लागला. शेजारच्या वस्तीवर गुऱ्हाळ चालू होतं, त्याच्या गोड वासानं माश्यांनी घर भरून गेलं होतं. एका शुक्रवारी मी निघताना सांगितलं, "पुढच्या शुक्रवारी येणार नाही. आमचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे आहे, बारामतीला चर्चमध्ये दुपारभर उपासना असते."

"कशाची?" बापूरावांनी विचारलं.

आपण सरकारी बाई आहोत, याचं मला भान होतं. पण विचारलेल्याला उत्तर न देणं हेही बरं दिसत नाही. म्हटलं, "आमच्या प्रभूला त्या दिवशी मारलं. वधस्तंभाला, लाकडाला हातापायांत खिळे ठोकून टांगलं होतं. दुपारभर तसाच होता."

"हलता येत नव्हतं?"

"नाही."

बापूरावांनी मान माझ्याकडं वळवली. मग त्यांनी असं काही विचारलं, की जे मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं, चर्चमध्येही नाही. "मंग तोंडावर माश्या बसत असतील की. त्या कोन हाकलायचं?"

मी लहानपणापासून ही कथा ऐकत आलेय. काट्यांचा मुकुट, खिळे, भाला, तहान, सगळं पाठ. माश्या कधी मनात आल्या नव्हत्या. त्या माणसाच्या गालावर त्या क्षणी एक माशी फिरत होती. मी हातानं उडवली आणि म्हटलं, "कुणी नाही. आई होती खाली उभी. पण तिचा हात पोचत नव्हता."

"आरं रं," बापूराव म्हणाले. एवढंच. गावाकडं दुसऱ्याच्या घरचं दुःख ऐकल्यावर माणसं म्हणतात ना, तसं. मग थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "म्हंजी त्याला ठावं हाय."

त्या उत्तम शुक्रवारी मी बारामतीच्या चर्चमध्ये बसले होते. पाळकसाहेब बोलत होते, गाणी झाली, माझं कशातच लक्ष नव्हतं. भर उन्हात टांगलेला तो आणि त्याच्या डोळ्यांच्या कडेला बसलेल्या माश्या, एवढंच मला दिसत होतं. इतक्या वर्षांची माझी भक्ती, पण त्याच्या जवळ गेल्यासारखं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. तिथं मला एका शेतकऱ्यानं नेलं होतं, ज्याच्या घरात खंडोबाचा टाक आहे आणि जो चर्चची पायरी कधी चढलेला नाही. मी बापूरावांसाठी प्रार्थना करायला गेले होते. झालं उलटंच. डोळे मिटून मी आभारच मानत बसले.

घरी येऊन सरांना सांगितलं. संध्याकाळी टेबलावर ड्रॉइंगचा कागद दिसला. शाळेच्या रंगपेटीतल्या खडूंनी त्यांनी चित्र काढलं होतं. वधस्तंभावरचा येशू, सावळा, खांद्याची हाडं वर आलेली, आपल्याकडच्या उसाच्या फडात राबणाऱ्या माणसासारखा. मी म्हटलं, आपण चित्रापुढं प्रार्थना करत नाही, मग हे कशाला? आणि उद्या आबा म्हणतील, आणलंच शेवटी. सर म्हणाले, "त्यांनी विचारपूस केली ना त्याची? मग कुणाची विचारपूस केली ते तरी बघू दे. नको वाटलं तर परत देतील."

पुढच्या फेरीला मी ते चित्र घेऊन गेले आणि आबांसमोरच उघडलं, लपवाछपवी नको म्हणून. आबांनी चष्मा लावून बघितलं. "लई हाल केले की वो," म्हणाले आणि चष्मा काढून खिशात ठेवला. बापूरावांना चित्र हातात धरून दाखवलं. त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं आणि शालनला डाव्या हातानं खुणावलं, भिंतीला लाव. मला तेवढ्यात सणसरमधूनच बोलावणं आलं, एका म्हशीचं रेडकू पोटात आडवं आलं होतं, म्हणून मी घाईनं निघाले.

नंतर काही आठवडे मला तिकडं जाताच आलं नाही. लाळ-खुरकताची मोहीम लागली होती, गावोगाव फिरून लशी द्यायच्या होत्या. जीव मात्र तिकडं लागून राहिला होता. खरं सांगते, फोन करायला भीती वाटायची. त्यांनी मागितलेली सुटका कुणी दुसऱ्यानंच देऊन टाकली असेल तर, असं वाटायचं. एकदा दुपारी फेरी लवकर आटोपली आणि मी गाडी सरळ सणसरकडं वळवली.

अंगणात कुणी नव्हतं. घरातून आवाज येत होता, फडका झटकल्यासारखा. थांबून थांबून, पण सारखा. मी दारापाशी गेले आणि तिथंच थांबले.

शालननं चित्र भाताच्या खळीनं भिंतीला चिकटवलं होतं, आणि त्या खळीच्या वासानं त्याच्यावर माश्या घोंघावत होत्या. खाट तिनं भिंतीलगत सरकवली होती. बापूराव स्वतःच्या डाव्या कोपरावर रेटा देऊन, निम्मं अंग उचलून, कुशीवर वळले होते. कुणी वळवलं नव्हतं, खाटेपाशी कुणीच नव्हतं. कोपर टेकवून ते दम खात होते, मग कोपर तसंच टेकलेलं ठेवून, नुसत्या मनगटानं डाव्या हातातला पंचा चित्रावरून फिरवत होते. माशी उठायची, परत बसायची. ते परत रेटा द्यायचे. कपाळावर घाम होता. खाटेखाली जेवणाची रिकामी ताटली होती.

शालन गोठ्याकडून आली, हातात दुधाची चरवी. माझ्या शेजारी उभी राहून हलकेच म्हणाली, "रोज सकाळधरनं चालतंय. जेवाय मागत्यात, म्हनत्यात हाताला जोर पायजे. मी पंचा घ्याया गेले तर म्हनले, तू धारा काढ जा, हितलं मी बघतो."

दिवाळीपासून त्या घरात सगळे बापूरावांचं बघत होते. ते कुणाचं तरी बघतायत हे मी आज पहिल्यांदा पाहत होते. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

माझी चाहूल लागली तशी त्यांनी मान जरा वळवली. हात थांबवला नाही.

"बसा, सिस्टर," बापूराव म्हणाले. "शालन च्या करंल. मला हितं काम हाय."